दुष्काळ, ऊन आणि मराठी कादंबरी

मराठी वाङ्मयात दुष्काळ पुष्कळ आला आहे आणि ऊनही पुष्कळ आले आहे; परंतु ही दोन्ही एकाच संकटाच्या रूपाने आलेली आमच्या पाहण्यात नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली प्रसिद्ध झाली, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली. दोन्ही ग्रंथ थोर आहेत, याविषयी वाद नाही. पहिल्यात पाऊस पडत नाही, चारा संपतो आणि गाव ओस पडते. दुसऱ्यातील उन्हाळा बहराचा आहे.

हे ग्रंथ हाती घेऊन वाचकाने घुग्घुसला यावे. वर्धेच्या काठची ही वस्ती कोळशाच्या खाणींची व सिमेंटची. चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो. माणदेशात त्याच्या निम्माही नाही. माणदेशी मापाने येथे दुष्काळ पडूच नये, पण पडतो. जमिनीत ओल असेतो उन्हाची बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल सरली की तीच शक्ती हवा तापविते, आणि तापलेली हवा उरलेसुरले पाणी शोषून घेते. अवर्षण व उष्णतेची लाट एकत्र येण्याचे प्रसंग 1950 च्या दशकापासून जगभर वाढले असून त्यामागे मनुष्याची करणी आहे, असे हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाने 2021 च्या अहवालात सांगितले आहे.

2010 च्या मे महिन्यात इरई धरणाचे पाणी आटल्याने चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रातील संच बंद ठेवावे लागले. कोळशाच्या मुलखात पाण्यावाचून वीज अडली, आणि तीही ऐन उन्हात! शिवाय ज्या कोळशावर येथील चूल पेटते, तोच जळून हवा तापवितो. एवढा विरोध आयता समोर असता आमचे कादंबरीकार अजून माणदेशाच्याच वाटेने जातात, याचे आम्हांस नवल वाटते.

‘हे शास्त्राचे काम, वाङ्मयाचे नव्हे,’ असे कोणी म्हणेल. पण माडगूळकरांस मेंढरू आणि चारा नेमका ठाऊक होता, म्हणूनच त्यांचा दुष्काळ खरा वाटतो. त्यांच्या धनगरांस निदान वाट तरी धरता आली. 46-47 अंशांच्या उन्हात वाट धरणे हेच जिवावरचे. आणि खाणकामगार खाण सोडून जाणार कोठे? अशा गावाच्या कथेस ‘बनगरवाडी’चा शेवट लागू पडत नाही. दुसरा शेवट कोणी लिहिलेला आमच्या वाचनात नाही.