शिंपटी, ओचा आणि भागाकार

(मुलुंडमधील एका वाचनालयाच्या पालक-व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शनिवारी संध्याकाळी, मुलांचे क्लास सुटायच्या वेळेला, इतकी माणसं वर आली याचं मला खरंच आश्चर्य वाटतंय. निम्मे जण खाली क्लासपाशी मुलांना घ्यायला थांबले असणार. (हशा)

विषय दिला होता ‘शाळेविना शिक्षण आणि सौम्य शिस्त’. ‘सौम्य शिस्त’ हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. सौम्य साबण, सौम्य औषध, तशी सौम्य शिस्त. इंग्रजीतून आलेल्या कल्पनेला आपण घाईघाईने मराठी झबलं घातलंय, आणि ते तिला बसत नाही. म्हणून आज मी बाहेरच्या पुस्तकांपासून सुरुवात करणार नाही. जॉन होल्टचं नाव घेऊन टाकते. अमेरिकन शिक्षक, 1964 साली ‘मुलं नापास कशी होतात’ यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, पुढे 1977 मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक काढलं, आणि ‘अनस्कूलिंग’ हा शब्द त्यांनी रुळवला. शाळा घरी आणायची नाही, मुलाच्या कुतूहलामागून जायचं, एवढं त्याचं सार. होल्टांचं काम इथे संपलं. आता आपल्या घरातल्या पुस्तकाकडे येऊ.

‘श्यामची आई’. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 साली प्रसिद्ध झालं. मारावं की मारू नये, या वादात मराठी घरात दोन्ही बाजूंना साक्षीला हेच पुस्तक उभं राहतं. मारणारे म्हणतात, श्यामच्या आईने नाही मारलं? पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला तिने शिंपटीने झोडपलं आणि विहिरीवर पाठवलं. न मारणारे दुसरा प्रसंग काढतात. अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आणि आई त्याच्या पायाखाली आपला ओचा पसरते. पुस्तकात ओचाच आहे बरं का, आपल्या आठवणीत त्याचा पदर झाला. पायांना जसा जपतोस तसा मनाला जप, असं ती सांगते, रागावत नाही. आज याला आपण ‘जेंटल पेरेंटिंग’ म्हणू आणि त्याची रील करू.

दोन्ही प्रसंग एकाच पुस्तकात आहेत, एकाच बाईचे आहेत. आणि मला वाटतं आपण दोन्ही चुकीचे वाचतो. कारण आपण विचारत नाही की हे सांगतंय कोण. सांगतोय मोठा झालेला श्याम. आश्रमात, मित्रांना, रोज रात्री एक अशा बेचाळीस रात्री. आई केव्हाच गेलेली आहे, आणि ऐकणारेही डोळे पुसायला तयार बसलेत. या श्यामने आईला सगळं माफ केलंय. तिच्या शिंपटीचा त्याने प्रसाद केला आहे. मार खाल्ला त्या दिवशीचा श्याम, रुसलेला, पाठीवर वळ उठलेला, तो जर त्याच रात्री बोलता तर? गुरुजी प्रामाणिक लेखक, म्हणून तो रुसवाही त्यांनी गाळलेला नाही. पण गोष्ट मात्र शेवटाकडून सांगितलेली आहे. मूल चांगलं निघालं हे ठरल्यावर.

माझा आजचा मुद्दा हाच. मूल वाढवण्याच्या बहुतेक गोष्टी शेवटाकडून सांगितलेल्या असतात. आणि इथे बसलेले आपण सगळे अजून मधल्या पानावर आहोत.

आता नवीन काळातली गोष्ट घ्या, आपल्याच मुंबईची. 2016 मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. मालविका जोशी. दादरच्या शाळेत सातवीत असताना तिच्या आईने तिला शाळेतून काढलं. घरी तिला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळाली, दोन रौप्य आणि एक कांस्य. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार बंद. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला घेतलं, आणि सतराव्या वर्षी ती अमेरिकेत एमआयटीला गेली. त्या मुलीचं आणि तिच्या आईचं मला मनापासून कौतुक आहे. माझी तक्रार बातमीबद्दल आहे. शाळा सोडली आणि एमआयटी मिळाली, अशी जेव्हा बातमी होते, तेव्हा ती शाळेच्याच भाषेत बोलत असते. निकाल, पदक, प्रवेश. शाळेला शाळेच्याच गुणपत्रिकेने हरवल्याचा आनंद! त्या बातमीनंतर आमच्याकडे बोरिवली ते अंधेरी कितीतरी घरांत ‘आपणही काढूया का’ अशी चर्चा झाली, आणि चर्चेत पुढचं वाक्य असायचं, ‘पण आपल्याला जमेल का ऑलिम्पियाड?’

त्या बातमीत एक बारीकसा तपशील होता, तो मात्र सगळे विसरले. सुरुवातीला नवऱ्याला पटवणं अवघड गेलं, असं आईने सांगितलं होतं. तिथे मला खरी गोष्ट दिसली असती. जेवणाच्या टेबलावर कोण काय बोललं, आजी काय म्हणाली, सोमवारी सकाळी सात वाजता, सगळ्या बिल्डिंगमधल्या स्कूलबस हॉर्न देत असताना, त्या घरात काय वाटलं. त्या सकाळी पदक नव्हतं.

मधल्या पानावरची गोष्ट सांगायचा प्रयत्न मराठीत एका सिनेमाने केला. महेश मांजरेकरांचा ‘शिक्षणाच्या आयचा घो’, 2010. मुंबईतला मध्यमवर्गीय बाप, भरत जाधवने केलेला. मुलगा क्रिकेटमध्ये हुशार, अभ्यासात नाही. बाप चिडतो, हात उगारतो, आणि त्या फटक्याने मुलगा कोमात जातो. मला तो सिनेमा तिथपर्यंत फार मोलाचा वाटतो. कारण तो हात वाईट माणसाचा नाहीये. कर्ज काढणाऱ्या, मुलासाठी झिजणाऱ्या माणसाचा आहे. पण नंतर सिनेमा घाबरतो. बाप व्यवस्थेविरुद्ध उभा राहतो, थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांत हात सुटला. दोष अभ्यासक्रमाचा झाला. अभ्यासक्रमाचा दोष आहेच हो, पण अभ्यासक्रम काही कानफटात मारत नाही.

हे मी इतक्या खात्रीने का सांगते, तर माझा स्वतःचा हात. आमच्या मुलाला आम्ही चौथीनंतर शाळेतून काढलं. शाळेचं नाव सांगत नाही, इथे तिथले पालक असतील. तिथे पट्टीने मारायचे, आणि बालशिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं हे मुख्याध्यापकांना मी वाचून दाखवलं होतं. तर काढलं. आणि शाळा सोडून तीन आठवडे झाले असतील, आमच्या स्वयंपाकघरात, भागाकारावरून, मी त्याला मारलं. शाळा नाही, परीक्षा नाही, बाई नाही, अभ्यासक्रम नाही. भागाकार मीच काढून दिला होता, कारण वर चौथ्या मजल्यावरच्या मुलाला येत होता. 17 वं कलम शाळेसाठी आहे. स्वयंपाकघरात ते लागू होत नाही.

नंतर मी मारणं सोडलं. खरंच सोडलं. पण तो राग गेला कुठे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. तो अबोल्यात गेला. आपल्या भाषेत न मारता दुखवण्याची केवढी सोय आहे बघा: अबोला, टोमणा, ‘कर बाबा तुला काय करायचं ते’. मी समुपदेशकांकडून शिकलेलं वाक्य वापरायचे, ‘तुला राग आलाय हे मला समजतंय.’ एकदा तो म्हणाला, आई, तू ओरड, पण हे ‘समजतंय’ नको. (हशा) हसा, पण तो बरोबर होता. त्या वाक्यात मी नव्हते. श्यामच्या आईच्या शिंपटीत ती निदान पूर्ण हजर होती. हे शिंपटीचं समर्थन नाही, पुन्हा सांगते. पण नुसती गोड भाषा आणली आणि त्यामागचा धाक तसाच ठेवला, तर मुलाला दोन्ही कळतात.

आता जागेबद्दल. ही सगळी पुस्तकं मागे अंगण असलेल्या घरांतून आली आहेत. आपल्याकडे वन बीएचके. मूल रडलं की शेजारी भिंतीपलीकडून टीव्ही लहान करतात. सासूबाई म्हणतात, डोक्यावर बसवून ठेवलंय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दुपार. शाळा सोडलेल्या मुलाची उपनगरातली दुपार कधी पाहिली आहे का? खाली एक मूल नाही. साडेचारला मुलं शाळेतून येतात, सव्वापाचला क्लासला जातात. मधली पंचेचाळीस मिनिटं, त्यातली वीस दूध पिण्यात. आमचा मुलगा वॉचमनकाकांशी पत्ते खेळायचा. शाळेतून सुटका म्हणजे खेळगड्यांतूनही सुटका, कारण खेळगडी सगळे शाळेने आणि क्लासने बांधून ठेवलेत. हे एकट्या घराने सुटणारं नाही. महिन्यातून दोनदा आम्ही चार घरं बोरिवलीला नॅशनल पार्कात भेटायचो, मुलुंडहून दीड तास. तेवढाच वर्ग.

आणि हो, नोकरी मी सोडली. नवऱ्याने नाही. चारही घरांत आईनेच सोडली होती. ओच्याकडे परत जा. तो ओला झाला कोणाचा? गुरुजींनी तेही लिहिलंय, आईकडे बदलायला दुसरं कुठे होतं. आपण मात्र त्या प्रसंगातून फक्त मनाच्या स्वच्छतेचा धडा काढला.

एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यायचा आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहतात. मुलगा घरी दिसला तेव्हा त्यांनी विचारलं, आजारी आहे का? मी सांगितलं, आम्हीच काढलंय. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची मुलगी महापालिकेच्या शाळेत जाते, घरातली पहिली शिकणारी. 1848 मध्ये भिडेवाड्यात शाळा उघडताना जोतिराव-सावित्रीबाईंनी काय सोसलं ते आपल्याला पाठ आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये ते आणलं, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्यांच्यासाठी सक्ती हाच मुक्तीचा रस्ता होता. आमच्यासारखी माणसं शाळेला तुरुंग म्हणतात, तेव्हा मावशींच्या गप्प बसण्यात हे सगळं असतं. आम्ही शाळा सोडू शकलो, कारण आमच्या आज्यांना ती मिळाली होती. मुलगा पुढे अडला तर 17 नंबरचा फॉर्म भरू, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, हे आम्हाला माहीत होतं. तो फॉर्म कुठे मिळतो हे माहीत असणं, हीसुद्धा आमची इस्टेटच.

मग हे सगळं थोतांड का? नाही. पट्टीखाली बसलेलं मूल मी बाहेर काढलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. ते दोन वर्षं मुठी आवळून झोपायचं, आता झोपत नाही. पण याला चळवळ म्हणताना माझी जीभ अडखळते.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. समोरच्या काकांचा हात मघापासून वर आहे, आणि प्रश्न मला माहीत आहे: तुमचा मुलगा आता काय करतो? तर, चौदाचा आहे. सायकली दुरुस्त करतो, गणितात रडतो, रात्री एकपर्यंत फोन बघतो. काल त्यावरूनच झालं, आणि आज सकाळपासून मी त्याच्याशी बोललेली नाही. विचारा, काका.