दोन कादंबऱ्यांतली भूक

या सुट्टीत दोन जुन्या कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या : अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आणि जयवंत दळवी यांची 'चक्र' (१९६३). दोन्हींत भूक आहे.

'चक्र'मधील मुंबईची झोपडपट्टी खोटी नाही. मी अशाच वस्तीत वाढलो; तिथली घाण, दारू, उपासमार माझ्या ओळखीची आहे. दळवींची सहानुभूतीही प्रामाणिक आहे. परंतु त्यांची माणसे भूक आणि वासना यांच्या फेऱ्यात फिरत राहतात. ही भूक आली कोठून, असे विचारणारा माणूस मला त्यांत भेटला नाही. माझी आई निरक्षर होती. तरी रेशनच्या रांगेत तिने हा प्रश्न मोठ्याने विचारला होता. वस्तीला पोट असते, तसे डोकेही असते.

'फकिरा'त दुष्काळात माणसे मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटून आणतो आणि वाटतो. येथे भूक नशीब राहत नाही, अन्याय ठरते. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ती उगाच नव्हे.

तरीही आपला लेखक म्हणून डोळे मिटून घेऊ नयेत. फकिराचा पराक्रम कधी कधी पोवाड्याच्या सुरात चढतो. आणि बायका सोसतात, निर्णय पुरुषच घेतात. हे आपणच बोलले पाहिजे.

वर्गात मुले विचारतात, 'सर, चांगली कादंबरी कशी ओळखायची?' मी सांगतो : वर्णन हुबेहूब आहे एवढ्यावर भुलू नका. भुकेला माणूस तिथे विचार करतो का, ते पाहा.