प्रतिकृतीचें सत्य : खेळण्यांतील इंजिनांची एक तुलना

ज्या स्टेशनाच्या नांवापुढें ‘रोड’ हा शब्द लागतो, तें स्टेशन त्या गांवीं नसतें, ही गोष्ट आमच्या भागांतील प्रवाशास सांगावयास नको. भंडारा रोड भंडाऱ्यास नाहीं आणि पवनी रोड पवनीस नाहीं. कोंढ्यासारख्या गांवांतील मुलांना तर रेल्वे दोन्ही बाजूंनीं दूरच. म्हणूनच कीं काय, लहानपणीं पवनी रोडवर जी छोटी गाडी पाहिली, तिचें वेड मनांतून कधीं गेलें नाहीं. नागपूर-नागभीड ही अडीच फुटी रुळांची वाट बंगाल-नागपूर रेल्वेच्या अमदानींत १९०८ सालीं सुरू झाली आणि रुंदीकरणासाठीं नोव्हेंबर २०१९ मध्यें बंद पडली. तिच्या जागीं मोठी गाडी येणें लोकांच्या सोयीचेंच आहे. त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु त्या वेडापायीं मीं तीस वर्षें खेळण्यांतील इंजिनें जमविलीं. कपाटांत आज एकोणीस इंजिनें आहेत. गेल्या उन्हाळ्यांत नातीनें कपाटापुढें उभें राहून विचारलें, “आजोबा, यांत आपली पवनी रोडची गाडी कोणती?” मला उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख त्या न दिलेल्या उत्तरापोटीं लिहिला आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत खेळण्यांची चर्चा कशासाठीं, असें एखादा वाचक म्हणेल. त्यास इतकेंच सांगावयाचें कीं, प्रतिकृति ही अनुकरणाची कला आहे. आणि नाटकास, चित्रास किंवा चरित्रास आपण जो प्रश्न विचारतों तोच तिलाही विचारतां येतो : मूळ वस्तूंतील काय राखलें, काय टाकलें, आणि जें टाकलें त्याची कबुली दिली कीं नाहीं? संग्राहकांत टीका पुष्कळ होते, पण ती बहुधा रिव्हेटांची मोजणी असते. अमक्याच्या बॉयलरवर दोन रिव्हेट अधिक, तमक्याचा हिरवा रंग अंमळ फिका, इतक्यावर वाद रंगतात. हें म्हणजे चरित्रकारानें नायकाच्या अंगरख्याच्या गुंड्या बिनचूक मोजाव्या आणि त्याची उंची मात्र चुकवावी, तसें झालें. इंजिनाची उंची म्हणजे त्याचें रुळाशीं असलेलें प्रमाण. तेथूनच तुलनेस आरंभ केला पाहिजे.

या क्षेत्रांत दोन मोठे संप्रदाय आहेत. दोघांचेही रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. भेद आहे तो वरच्या देहांत. युरोप-अमेरिकेंतील ‘एच-ओ’ संप्रदाय मूळ गाडी सत्याऐंशींव्या हिश्शानें लहान करतो. तेथील प्रमाण रूळ १४३५ मिलिमीटरचे; त्यांस सत्याऐंशीनें भागिलें असतां साडेसोळाच येतात. हिशेब चोख आहे. इंग्लंडांतील इंजिनें मात्र मुळांतच अंगानें सडपातळ. त्याच मापानें घडविलीं तर आंत मोटर मावेना. म्हणून इंग्रजी कारखानदारांनीं ‘ओ-ओ’ संप्रदाय काढला : देह फुटास चार मिलिमीटर या मापाचा आणि खालीं रूळ मात्र तेच साडेसोळाचे. वास्तविक तेथें जवळजवळ एकोणीस मिलिमीटर पाहिजे होते. यामुळें इंग्रजी इंजिन समोरून पाहिलें असतां धिप्पाड गृहस्थानें लहान मुलाचे जोडे घातल्यासारखें दिसतें. तडजोड सोयीची होती; परंतु तीच पुढें रूढि झाली, आणि रूढि झाल्यावर ती तडजोड आहे याचें भानही सुटलें.

इंग्रजी संप्रदायाच्या पोटांतही दोन घराणीं होतीं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें १९३८ सालीं ‘हॉर्नबी डब्लो’ ही माला काढली. ओतीव धातूचीं हीं इंजिनें हातांत घेतलीं म्हणजे वजनानेंच मनांत आदर उत्पन्न करतात. त्यांचा दोष असा कीं, मधोमध तिसरा रूळ लागे. खऱ्या लोहमार्गावर असा विजेचा मधला रूळ आपण सहसा पाहत नाहीं. १९५० नंतर ‘ट्राय-अँग’ची माला बाजारांत आली. तिचा देह प्लॅस्टिकचा, किंमत कमी, रूळ दोनच. रसिकांनीं तिला हिणविलें. तरी सामान्य घरांतील मुलांच्या हातीं गेली ती तीच. डब्लोनें दोन रुळांची पद्धति १९५९ सालीं स्वीकारली, पण तोंवर उशीर झाला होता. १९६४ सालीं ट्राय-अँगच्या मालकांनीं, म्हणजे लाइन्स बंधूंनीं, मेकॅनो कंपनीच विकत घेतली. आणि १९७१ सालीं तेही कोसळले. माझ्या मतें यांत डब्लोची कारागिरी श्रेष्ठ आणि ट्राय-अँगची दृष्टि श्रेष्ठ. पहिल्यानें धातूवर प्रेम केलें, दुसऱ्यानें गिऱ्हाइकाची खिशाची अडचण ओळखली. संग्राहकाला पहिलें पाहिजे असतें. पण खेळणें या शब्दाशीं इमान राखलें तें दुसऱ्यानें, हें कबूल केलें पाहिजे.

जर्मनींतील म्येर्कलिनची गोष्ट निराळी. गॉपिंगेनच्या या जुन्या कारखान्यानें साडेसोळा मिलिमीटरची आपली लहान गाडी १९३५ सालीं आणली. ती पालटत्या प्रवाहावर चालते. मधला रूळ त्यांनीं पुढें लपविला, पण त्याच्या जागीं खिळ्यांची एक ओळ ठेविलीच. यामुळें तिचें नेहमींचें इंजिन इतरांच्या रुळांवर चालत नाहीं आणि इतरांचें तिच्यावर चालत नाहीं. मात्र जुनें इंजिन नव्या रुळांवर चालावें, हा नेम या घराण्यानें जितका पाळला तितका दुसऱ्या कोणीं क्वचितच पाळला असेल. तिचें सर्वांत नांवाजलेलें इंजिन म्हणजे स्वित्झर्लंडमधील ‘मगर’ : दोन्ही टोकांस लांब सोंडा व मध्यें चालकाची खोली असलेलें घाटांतील विजेचें इंजिन. मराठी वाचकास येथें एक ओळख पटावी. त्याच जातीचीं एक्केचाळीस इंजिनें १९२८ पासून जी. आय. पी. रेल्वेनें बोरघाट व थळघाटासाठीं आणलीं, आणि आपल्या लोकांनीं त्यांस ‘खेकडा’ म्हटलें. परदेशांतील मगर दुकानांत पेटींत बांधून मिळते. आपला खेकडा पाहावयाचा तर दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत किंवा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रांत गेलें पाहिजे. मीं मगर विकत घेतली, ती या खेकड्याच्या आठवणीनें. पण पाहुण्यास ती दाखवितांना दर वेळीं “हें आपलें नव्हे, पण असेंच असतें” हें वाक्य जोडावें लागे. जी प्रतिकृति दाखवितांना माफी मागावी लागते, ती कपाटांत असली काय आणि नसली काय!

संग्राहकाच्या दुःखांची यादी यापुढें सांगतों. तीं विनोदी वाटतील. ज्याचीं त्याला तशीं वाटत नाहींत. पहिलें दुःख धातूचें. जुन्या ओतीव इंजिनांत जस्ताची मिश्रधातु असे. तींत शिशाचा अंश राहिला तर ती वर्षानुवर्षें आंतून फुगते, तडकते आणि शेवटीं भुगा होते. यास औषध नाहीं. माझें एक इंजिन असें पेटींतल्या पेटींत गेलें; बाहेरून रंग शाबूत आणि आंत राख. दुसरें दुःख पेटीचें. पुठ्ठ्याची मूळ पेटी असेल तर इंजिनाचें मोल वाढतें; म्हणून मनुष्य इंजिनापेक्षां पुठ्ठ्याची काळजी अधिक घेऊं लागतो, आणि वैदर्भी पावसाळ्यांत कसर त्या पुठ्ठ्याचीच चव घेते. तिसरें दुःख मागणीचें. हल्लीं कारखाने एका वेळीं थोडेच नग काढतात व पैसे किंवा शब्द आगाऊ घेतात. एका दुकानदाराकडे मीं मागणी नोंदविली. दीड वर्षानें पेटी आली, ती जकातीचा बोजा घेऊन, आणि आंतील इंजिनाची एक शिडी तुटलेली. दुकानदार म्हणाला, “रस्त्यांत मोडली असेल.” दुरुस्तीस परत धाडावें तर जाण्यायेण्याचा खर्च शिडीच्या शंभरपट. चौथें दुःख सर्वांत खोल : पूर्णतेचें. अठरा असलीं कीं एकोणिसावें हवें होतें. आणि एकोणिसावें आलें कीं कळतें, संग्रह हा विहिरीसारखा नसून नदीसारखा आहे. त्यास तळ गांठावयाचा नसतो.

येथें एक आक्षेप रास्त आहे. खेळण्यास इतका कडक न्याय कशाला? मुलाला गाडी फिरली म्हणजे पुरे. हें खरें, आणि त्याचें उत्तम प्रमाण पुण्यांत आहे. कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं हौसेनें उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. सत्याऐंशींव्या हिश्शाच्या गाड्या, सिग्नल, पूल, बोगदे आणि भोंवतालचें शहर, सारें तेथें एकमेकांशीं बोलतें. तेथें कोणी रिव्हेट मोजीत नाहीं; दिवे मालवले व गाडी बोगद्यांतून बाहेर आली म्हणजे थोर माणसेंही पुढें वाकतात. मीं तेथें एक गोष्ट शिकलों. माझें कपाट एकेका इंजिनाचा सुटा गौरव करीत होतें. इंजिन मात्र वाट, स्टेशन आणि वाट पाहणारीं माणसें यांच्यावांचून इंजिनच नसतें. तेव्हां सत्य दोन प्रकारचें : एक मापाचें, दुसरें संबंधाचें. जोशींनीं दुसरें साधलें. म्हणून तेथें पहिल्याची उणीव भासत नाहीं.

परंतु आपल्या गाडीच्या बाबतींत पहिलें सत्य सोडतां येत नाहीं, कारण तिची ओळखच मापांत आहे. आपली मोठी गाडी साडेपांच फुटी रुळांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटरवर चालते. सत्याऐंशीनें भागून सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात. भारतीय इंजिनांच्या प्रतिकृति आतां मिळूं लागल्या आहेत, आणि कित्येकांचें काम सुबकही आहे. पण त्या साडेसोळाच्या तयार रुळांवर उभ्या केल्या कीं आपल्या रुंद वाटेचा ऐसपैसपणा गेलाच. इंग्रजांच्या तडजोडीहून ही तडजोड मोठी आहे. उलट अडीच फुटी वाट पाहा. ७६२ मिलिमीटरांस सत्याऐंशीनें भागिलें तर पावणेनऊच्या आसपास येतात. आणि नऊ मिलिमीटरचे तयार रूळ तर बाजारांत सर्वत्र आहेत. फरक पाव मिलिमीटरचा! ज्या गाडीकडे कारखानदारांनीं ढुंकून पाहिलें नाहीं, तीच आमच्या देशांतील गाड्यांत सर्वांत खरेपणानें लहान करतां येण्यासारखी आहे.

यावरून माझा निकाल असा. कारागिरींत डब्लो, सातत्यांत म्येर्कलिन, सुलभतेंत ट्राय-अँग. परंतु आमच्या घरच्या कपाटांत पहिला मान यांपैकीं कोणाचाही नव्हे. तो जिची पेटी कोठेंच मिळत नाहीं त्या गाडीचा आहे, आणि ती विकत घ्यावयाची नसून करावयाची आहे. जपानी कारागिरांनीं एकेकाळीं पितळी पत्र्याचीं इंजिनें हातानें घडवून अमेरिकन शौकिनांस पुरविलीं. भंडारा तर पितळेसाठींच नांवाजलेलें. नागपूरच्या मोतीबाग येथें २००२ पासून अडीच फुटी रेल्वेचें संग्रहालय आहे. मूळ इंजिनें तेथें उभीं आहेत, नजरेनें व फुटपट्टीनें पाहतां येतात. साहित्य जवळच होतें; मीं तीस वर्षें दूरच्या दुकानांचीं सूचिपत्रें वाचीत बसलों.

एकोणिसांपैकीं सात इंजिनें मीं विकावयास काढलीं आहेत. मगर त्यांत पहिली. भंडाऱ्याच्या एका कासारानें पत्रा पाहून “होईल, पण वेळ लागेल” म्हटलें आहे; त्याचें पहिलें धुराडें वांकडें झालें, दुसरें बरें आहे. आणि नातीस उत्तर दिलें आहे : “बाई, ती गाडी यांत नाहीं.” तिनें पुढें विचारलें, “मग इतकीं कशाला आणलीं?” या प्रश्नाचें उत्तर मात्र अद्याप तयार नाहीं.