पुनरुज्जीवित ‘डॉक्टर हू’ (२००५) : आरंभीच्या तीन भागांतील ज्ञानाधिकाराचा प्रश्न

प्रास्ताविक

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि डिसेंबर १९८९ मध्ये खंडित झाली. १९९६ मधील एक दूरचित्रपट वगळता तिचे नवे कथानक पडद्यावर आले ते २६ मार्च २००५ रोजी. नव्या पर्वाचे प्रमुख लेखक रसेल टी. डेव्हिस होते. काळात आणि अवकाशात संचार करणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरची भूमिका क्रिस्टोफर एक्लस्टन यांनी, तर त्याची सहप्रवासी रोझ टायलर हिची भूमिका बिली पायपर यांनी केली. खंडित परंपरेचे पुनरुज्जीवन करताना जुन्या प्रेक्षकाची स्मृती आणि नव्या प्रेक्षकाचे अपरिचितपण या दोहोंची दखल घ्यावी लागते. या मालिकेने ती कशी घेतली आणि त्यासाठी कोणते मोल मोजले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात पहिल्या तीन भागांच्या आधारे घेतला आहे.

शिक्षकाकडून विक्रेतीकडे

मूळ मालिकेच्या मुळाशी शैक्षणिक हेतू होता. भूतकाळातील कथांतून इतिहास आणि भविष्यातील कथांतून विज्ञान मुलांपर्यंत पोहोचावे, अशी योजना होती. लखनौ येथे जन्मलेल्या वारिस हुसैन यांनी दिग्दर्शित केलेल्या १९६३ च्या पहिल्या भागात एका विद्यार्थिनीचे गूढ उकलू पाहणारे दोन शिक्षक डॉक्टरच्या यानात शिरतात. त्यांपैकी बार्बरा इतिहास शिकवते, तर इयान विज्ञान. अज्ञाताला सामोरे जाण्याचे प्रातिनिधिक काम तेथे अध्यापकांकडे सोपवलेले आहे.

२००५ मधील ‘रोझ’ या भागात हे स्थान लंडनच्या एका मोठ्या दुकानातील एकोणीस वर्षांच्या विक्रेतीला मिळते. दुकानातील पुतळे सजीव होतात, दुकान उद्ध्वस्त होते आणि रोझची नोकरी जाते. डॉक्टरविषयी अनेक वर्षे पुरावे गोळा करणारा क्लाइव्ह हा अभ्यासक तिला भेटतो. पण संकट प्रत्यक्ष समोर उभे राहताच तो मारला जातो. उच्च माध्यमिक प्रमाणपत्र नसलेली रोझ मात्र शाळेत शिकलेल्या कसरतीच्या बळावर डॉक्टरचे प्राण वाचवते. कागदोपत्री ज्ञानापेक्षा धैर्य आणि प्रसंगावधान श्रेष्ठ, हा पक्ष येथे उघडपणे घेतलेला आहे.

त्याची किंमतही याच भागात दिसते. प्लॅस्टिकवर हुकमत असलेल्या परग्रही शक्तीचा नाश एका कुपीतील द्रवाने होतो आणि तो द्रव डॉक्टरच्या खिशात तयारच असतो. निरीक्षण, तर्क आणि पडताळा या विज्ञानकथेच्या खऱ्या नाट्याला येथे जागाच उरत नाही.

खंडाचे कथेत रूपांतर

‘द एंड ऑफ द वर्ल्ड’ (२ एप्रिल २००५) या दुसऱ्या भागात पाच अब्ज वर्षांनंतर सूर्य प्रसरण पावून पृथ्वी गिळतो. तो सोहळा पाहण्यासाठी अवकाशस्थानकावर धनाढ्य पाहुणे जमतात. स्वतःला अखेरची शुद्ध मानव म्हणवणारी कॅसँड्रा शस्त्रक्रियांमुळे चौकटीवर ताणलेले कातडे होऊन राहिली आहे. हत्या आणि कारस्थाने यांच्या गोंधळात पृथ्वी संपते, पण त्या क्षणी तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. यानंतर डॉक्टर रोझला सांगतो की, एका युद्धात त्याचाही ग्रह जळाला असून आपल्या जमातीतला तो एकटाच उरला आहे. प्रसारणातील प्रदीर्घ खंडाला मालिकेने अशा प्रकारे नायकाच्या वियोगाचे रूप दिले आहे. जुन्या प्रेक्षकाला त्यातून आपलाच विरह जाणवतो आणि नव्या प्रेक्षकाला पूर्वेतिहासाची गरज भासत नाही. या तीन भागांतील ही सर्वांत समर्थ रचना होय.

सेविकेचे प्रत्युत्तर

मार्क गॅटिस लिखित ‘द अनक्वायट डेड’ (९ एप्रिल २००५) हा तिसरा भाग १८६९ च्या कार्डिफमध्ये घडतो. चार्ल्स डिकन्स हे त्यातील एक पात्र आहे. युद्धात देह गमावलेले वायुरूप गेल्थ मृतदेहांचा आश्रय मागतात. डॉक्टर अनुकूल असतो. रोझ विरोध करते. अतींद्रिय शक्ती असलेल्या ग्वेनिथ या सेविकेच्या वतीने रोझ बोलू लागते, तेव्हा ग्वेनिथ तिला थांबवते आणि आपला निर्णय आपणच घेते. पहिल्या भागाने रोझला बहाल केलेल्या अधिकाराची येथे उलटतपासणी होते. कष्टकरी मुलीचा कैवार घेणारी मुलगीही दुसऱ्या कष्टकरी मुलीला अजाण समजू शकते, हे मालिकेने प्रामाणिकपणे दाखवले आहे.

मात्र पुढे गेल्थ कपटी आक्रमक ठरतात. निर्वासितांना कोणत्या अटींवर आश्रय द्यावा, हा गंभीर प्रश्न उभा करून कथानक त्याच्या उत्तरातून अंग काढून घेते. ग्वेनिथचे बलिदान हृद्य असले, तरी त्यामुळे ही उणीव भरून निघत नाही.

समारोप

ज्ञानाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याचा मान नव्या पर्वाने अध्यापकाकडून काढून विक्रेतीला दिला. ज्यांना वर्गाने नापास ठरवले, त्यांच्या जिज्ञासेला त्यामुळे प्रतिष्ठा लाभली आणि हे यश मोठे आहे. तथापि जिज्ञासा जागी होणे आणि ती शिस्तीने तृप्त होणे या भिन्न गोष्टी आहेत. आरंभीचे हे तीन भाग पहिली गोष्ट साधतात, दुसरीकडे पाठ फिरवतात. वर्ग आणि शिक्षक यांना मागे सोडताना, त्यांच्याजवळ असलेली विचारपद्धती रोझच्या हाती कशी येणार, या प्रश्नाला ते भिडत नाहीत.