नेवलाची तयारी कोणी विचारली?

व्हॅम्पायरची भूमिका करणारा नट तयारी कशी करतो, यावर अलीकडे भरपूर छापून आलेलं उदाहरण म्हणजे रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेरातू' (2024). त्यात काउंट ऑरलॉक झालेल्या बिल स्कार्सगार्डनं वजन घटवलं, तासन्‌तास मेकअपला बसला, आणि आवाज खाली नेण्यासाठी आइसलंडच्या एका ऑपेरा गायिकेकडे शिकला. सिनॉप्सिस लिहिणारा विद्यार्थी हे मुलाखतींतून उचलतो आणि "म्हणून अभिनय प्रभावी झाला" असं लिहून मोकळा होतो. गडबड त्या 'म्हणून'मध्ये आहे.

मुलाखत सिनेमा विकायच्या दिवसांत दिलेली असते. नटाला आपली मेहनत कशी सांगायची होती, याचं ती उत्तम साधन आहे. मेहनत उतरली का, हे मात्र पडद्यावरच बघावं लागतं. किल्ल्यातल्या सुरुवातीच्या प्रसंगांत ऑरलॉकचा चेहरा धड दिसत नाही. तिथं आवाजच सगळा प्रसंग ओढून नेतो. दोन शब्दांमधला घरघरता श्वाससुद्धा धमकी वाटते. पण पुढे एलेनसमोर येतो तेव्हाही आवाज तसाच, त्याच वजनाचा. तिथं भूक ऐकू यायला हवी होती, मला ऐकू आली ती कमावलेली खोली. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. वाद घाला, पण मिनिट-सेकंद लिहून घाला.

आता आपल्याकडचा व्हॅम्पायर घ्या. तुलसी आणि श्याम रामसे यांच्या 'बंद दरवाजा' (1990) मधला नेवला. अनिरुद्ध अग्रवाल, रूडकीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला धिप्पाड माणूस. 'पुराना मंदिर' (1984) मधला सामरीही तोच. नेवलाचं काम संवादांवर चालत नाही. तो घाई करत नाही, हीच त्याची भीती. आजूबाजूचे सगळे किंचाळत, पळत असतात आणि हा आधी मान वळवतो, मग शरीर. हे आपोआप होत नाही.

पण स्कार्सगार्डवर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या पासंगालाही नेवलावरचं लेखन पुरत नाही. मग निष्कर्ष निघतो: उंच माणूस उभा केला, दात लावले, झालं. ख्रिस्तोफर लीनं 1966 च्या 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये एकही वाक्य उच्चारलं नाही; त्याला कोणी नुसतं उभं केलेलं म्हणत नाही. नोंद नसणं आणि तयारी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हायवात नेमकं इथंच पकडतात.

मी हे जिवतीत बसून लिहितोय, म्हणून जवळचं सांगतो. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात, तालमी थोड्या, भरवसा प्रॉम्प्टरवर. बाहेरचा माणूस म्हणेल, यात तयारी कुठाय? अहो, एका कानानं प्रॉम्प्टर ऐकायचा आणि त्याच दमात वाक्य मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत फेकायचं, हे एका सीझनमध्ये येत नाही. परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव लांबवर गेलं. तरी खलनायक, राक्षस, भूत उभे करणारे कितीतरी नट कागदावर कुठेच नाहीत.

त्यांच्याकडे जाल तेव्हा "तयारी कशी केली?" असं विचारू नका. "काही नाही जी, उभा राहिलो," एवढंच उत्तर येईल. तोंडाला रंग कोण लावायचं, किती वेळ लागायचा, रंग लावल्यावर समोरचं किती दिसायचं, लाइट गेली तर काय करायचे, पोरं रडायला लागली की चाल बदलायची का, हे विचारा. रेकॉर्डिंगची संमती आधी घ्या. आणि पावसाळ्यात भेटा. सीझनमध्ये त्यांना झोपायलाही वेळ नसतो.