तुरटपणा मुरतो म्हणजे काय?

वाइनविषयी लिहिणाऱ्यांच्या लेखनात एका अर्थाचे वाक्य हमखास सापडते. वाइनची 'रचना' भक्कम आहे, आत्ता ती थोडी आखडलेली आहे, पाच-सात वर्षे ठेवली तर खुलेल. इटलीतल्या भारदस्त तांबड्या वाइनबद्दल तर हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की वाचणारा त्यावर थांबतही नाही. थांबून पाहिले तर त्यात दोन विधाने दिसतात. एक तोंडात आत्ता काय होते याबद्दलचे आणि दुसरे बाटलीत पुढे काय होईल याबद्दलचे. दोन्ही विज्ञानाच्या प्रांतातली आहेत, म्हणजे तपासता येतील अशी. ती किती टिकतात ते पाहू या.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. वाइन हा मद्यार्क असलेला पदार्थ आहे, त्यात साधारण १३ टक्के एथिल अल्कोहोल असते. २०२२ साली सुपरमार्केटमधल्या विक्रीवरून आपल्याकडे जो वाद झाला त्यात काहीही म्हटले गेले असले, तरी रसायनशास्त्राला त्यात शंका नाही. पण खाली सांगितलेल्या प्रयोगांना वाइन लागत नाही. चहा, हिरडा आणि अंडे पुरते. शिवाय हा विषय आता इटलीत राहिलेला नाही. फलटणहून नातेपुते, माळशिरस करत अकलूजच्या बाजूला गेले की दीड-दोन तासांत मोटेवाडी लागते. तेथे २००७ साली स्थापन झालेल्या 'फ्रातेली' या कंपनीचे मळे आहेत. इटालियन भाषेत फ्रातेली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू अशा तीन जोड्या आणि तस्कनीतील वाइन-तज्ज्ञ पिएरो मासी, असे हे सात जण. म्हणून त्यांच्या मानाच्या तांबड्या वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. तस्कनीची सांजोवेसे आणि फ्रान्सची काबेर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षांपासून ती करतात आणि ओकच्या पिंपांत मुरवतात. 'रचना' आणि 'ठेवण्याजोगी' हे शब्द तिच्याबद्दलही लिहिले जातात.

आधी रचना. हा शब्द ज्या अनुभवासाठी वापरतात त्याला मराठीत सरळ नाव आहे: तुरटपणा. त्याला आंबटपणाची जोड असते. कच्चे केळे, जांभूळ, सुपारी, दूध न घातलेला कडक चहा यांनी जीभ जशी खरखरीत होते, गाल जसे आत ओढले जातात, तसेच या वाइनने होते. कारणही तेच आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाची संयुगे असतात. थॉम्पसनच्या बागाईतदाराला त्यांची ओळख कमी, कारण त्या द्राक्षात बीच नाही. बियांचे द्राक्ष मिळाले तर बी चावून पाहावी, एका बीत सगळा धडा मिळतो.

टॅनिन हा शब्द कातडे कमावण्याच्या धंद्यातून आला. आपल्याकडे कातडी कमावायला बाभळीची साल आणि सह्याद्रीत गोळा होणारा हिरडा वापरीत आले आहेत. कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिनचे रेणू चिकटतात, त्यांना एकमेकांत गुंतवतात आणि कातडे कुजत नाही. तोंडात जवळपास हेच घडते. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात. टॅनिन त्यांना धरते, त्यांचा साका होतो, लाळेचे वंगण जाते आणि जीभ टाळूला घासू लागते. तुरटपणा म्हणजे तोंडातले वंगण संपल्याची जाणीव.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. अंड्याचा पांढरा भाग चौपट पाण्यात हलक्या हाताने मिसळून फडक्यातून गाळून घ्या. एका काचेच्या पेल्यात गाळलेला, गार, कडक चहा घ्या. दुसऱ्यात तेवढेच साधे पाणी. दोन्हींत हे द्रावण थोडेथोडे घाला. चहा अधिक गढूळ होऊन साका धरू लागतो. पाण्याचा पेला विसरू नका, कारण पांढरा बलक नुसत्या पाण्यातही किंचित धूसर होतो आणि तुलनेशिवाय निरीक्षणाला अर्थ नाही. फ्रान्स-इटलीत तांबड्या वाइनचा खरखरीतपणा उतरवायला पिंपात अंड्याचा पांढरा बलक घालण्याची जुनी रीत आहे, ती हीच प्रक्रिया. चहात दूध घातले की तो सौम्य लागतो, तेथेही दुधातले केसीन टॅनिनला धरते. दुसरा प्रयोग हिरडा आणि हिराकशीचा. हिरड्याच्या काढ्यात हिराकशीचे पाणी घातले की निळसर काळी शाई होते. चहात घातले तर रंग हिरवटाकडे झुकतो. टॅनिनांच्या दोन घराण्यांतला हा फरक आहे. द्राक्षाचे टॅनिन चहाच्या नात्यातले, ओकच्या पिंपातून उतरणारे हिरड्याच्या नात्यातले.

आता एक खोच. आपल्या षड्रसांत तुरट हा सहावा रस आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्श मानते. वरचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या जागेत रुचिकलिका नाहीत. तेथे कापसाने कडक चहा लावला तर चव लागत नाही, पण खरखर जाणवते. या मुद्द्यावर मला वाइन-समीक्षकांची बाजू घ्यावीशी वाटते. 'रचना', 'कणा', 'मखमली', 'खरबरीत' हे त्यांचे शब्द आपल्याला उगाच अलंकारिक वाटतात, पण ते स्पर्शाचे शब्द आहेत आणि योग्य जागी आहेत.

बाजू एवढीच. कारण स्पर्शाचा हा अनुभव घोटागणिक साठत जातो. पहिल्या घोटापेक्षा तिसरा अधिक तुरट लागतो, कारण लाळ पूर्वपदावर यायला वेळ लागतो. मग एका सकाळी चाळीस वाइन चाखून त्यांना शंभरपैकी गुण देणाऱ्याचा तिसाव्या पेल्याबद्दलचा निकाल कशाचा असतो? वाइनचा की आधीच्या एकोणतीस पेल्यांचा? डोळ्यांचा प्रभाव त्याहून मोठा. बोर्दो येथील मोरो, ब्रोशे आणि द्युबूर्दिअ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन तांबडा, गंधहीन रंग घालून दिली. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. विद्यार्थी अडाणी नव्हते. डोळ्यांनी नाकाला आधीच उत्तर सांगितले होते.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. तीन पेले, त्यांतले दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. चहावर करून पाहा. एक चहा तीन मिनिटे उकळलेला, दुसरा पाच मिनिटे. रंग कळू नये म्हणून स्टीलचे पेले घ्या आणि चाखणाऱ्याचे डोळे बांधा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता एक-तृतीयांश, म्हणजे बारा जणांत चार जण नशिबानेच बरोबर येतील. सात किंवा अधिक जण नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सहा-सात, आठ किंवा अधिक येण्याची शंभरात दोनहून कमी. तेव्हा आठ जण बरोबर आले तर फरक खरा आहे असे म्हणायला जागा आहे. गणिताच्या शिक्षकांना संभाव्यतेसाठी फाशांपेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल. समीक्षकाने वापरलेल्या प्रत्येक विशेषणाला ही कसोटी लावावी असे मी म्हणत नाही, तसे केले तर कोणतीच समीक्षा उरणार नाही. पण दोन वाइनमध्ये तीन गुणांचा फरक सांगणाऱ्याला तो पेला पुन्हा ओळखता येतो का, हे विचारण्याचा हक्क वाचकाला आहे.

दुसरे विधान मुरण्याचे. लुई पाश्चरने काचेच्या नळ्या वाइनने काठोकाठ भरून आणि काही अर्ध्या भरून बंद केल्या. अर्ध्या नळ्यांतली वाइन हवेमुळे झपाट्याने बदलली, भरलेली फारशी नाही. १८६६ सालच्या वाइनवरील ग्रंथात त्याने मुरण्याशी ऑक्सिजनचा संबंध जोडला. बाटलीच्या बुचातून वर्षाला एक मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन आत जातो. एवढ्याशा ऑक्सिजनच्या साहाय्याने टॅनिन आणि सालीतला जांभळा रंग एकमेकांना जोडले जातात. नवी वाइन जांभळट असते ती हळूहळू विटकरी होते. ऑस्ट्रेलियात सोमर्स यांनी १९७१ साली हे जोड-रंग दाखवून दिले.

पाठ्यपुस्तकी समजूत अशी की टॅनिनच्या साखळ्या लांबत जातात, जड होऊन तळाशी बसतात आणि म्हणून तुरटपणा उतरतो. गाळ बसतो हे खरे. पण पुढच्या संशोधनात असे दिसले की वाइनच्या आम्ल माध्यमात साखळ्या तुटतातही. जोडणे आणि तुटणे बरोबरीने चालते, आणि मऊपणा नेमका कशामुळे येतो हा प्रश्न 'साखळी लांबली' एवढ्या उत्तराने सुटत नाही. शिवाय हे सगळे घडत असताना फळाचा वास कमी होतच असतो. म्हणून 'जितकी जुनी तितकी चांगली' हे सरसकट चूक आहे. बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. मुरण्यासाठी आम्लता आणि टॅनिन दोन्ही भरपूर लागतात आणि तुरटपणा उतरेपर्यंत फळ टिकावे लागते. तस्कनीतली 'ब्रुनेल्लो दि माँताल्चिनो' निव्वळ सांजोवेसेची असते. किमान दोन वर्षे लाकडात आणि चार महिने बाटलीत ठेवल्यावर, काढणीनंतरच्या पाचव्या वर्षी १ जानेवारीला ती विक्रीला निघते. हा तिथला कायदा आहे आणि तो तिथल्या तळघरांच्या तापमानावर उभा आहे.

अडचण आपल्या बाजूला येथे सुरू होते. ओळखीच्या एका घरी परदेशातल्या आतेभावाने आणलेली इटालियन बाटली मुलीच्या लग्नासाठी म्हणून माळ्यावर नऊ वर्षे जपून ठेवली होती. उघडली तेव्हा रंग काढ्यासारखा आणि वास शिजलेल्या मनुकांचा. घरच्यांनी आतेभावाला दोष दिला. बिचाऱ्या आतेभावाचा काही संबंध नव्हता. फलटणला मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. वाइन मुरवायची तर १२ ते १५ अंश लागतात. दर दहा अंशांनी रासायनिक प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो या ढोबळ नियमाने १४ अंशांवरून ३८ अंशांवर वेग पाचपट होतो. मग नऊ वर्षांत पंचेचाळीस वर्षांचे मुरणे झाले का? नाही. सगळ्या प्रक्रिया सारख्या पटीने वाढत नाहीत. काळवंडण्याच्या आणि वास बिघडवण्याच्या प्रक्रिया उष्णतेत पुढे पळतात. मंद आचेवर तीन तास आटवलेली बासुंदी आणि मोठ्या जाळावर अर्ध्या तासात करपवलेले दूध यांतला हा फरक आहे. शिवाय २४ अंशांच्या फरकाने पाऊण लिटर वाइन पाच-सहा मिलिलिटरने फुगते, बुचावर दाब देते. गार झाली की आकसून हवा आत ओढते. दररोज थोडे, वर्षानुवर्षे.

मळ्यातही तस्कनीची नक्कल पुरी होत नाही. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात गार होत जाणाऱ्या दिवसांत पिकते. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, पावसाळ्याअखेर फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन वाढत असताना, काढणी. उष्णतेत द्राक्षातले मॅलिक आम्ल लवकर खर्ची पडते. लवकर काढले तर बियांचे टॅनिन कच्चे, थांबले तर आंबटपणा गेलेला. सांजोवेसे मुळात आम्ल धरून ठेवणारी, पण रंगाला बेताची. काबेर्ने जाड सालीची. दोन्हींच्या जोडीमागचा हिशेब मला येथे दिसतो, आणि 'सेत्ते'मध्ये तो बराचसा जुळला आहे असे माझे मत आहे. आंबटपणा शेवटपर्यंत राहतो, तुरटपणा दाणेदार आहे पण ओरखडत नाही. पिंपाचा वास मात्र मला थोडा कमी चालला असता.

तेव्हा 'ठेवावी का' या प्रश्नाला माझे उत्तर अटीवर आहे. बारमाही पंधरा अंशांची जागा असेल तर काही वर्षे जरूर ठेवावी. फलटण, बारामती, सांगलीच्या सर्वसाधारण घरात ठेवायची असेल तर पहिल्या उन्हाळ्याआधी संपवावी. आणि लेबलावर किंवा परीक्षणात 'पाच-सात वर्षे' लिहिणाऱ्याने सोबत तापमानही लिहावे. औषधाच्या बाटलीवर ते असते. एकाच पेटीतल्या बाटल्या अर्ध्या शीतकपाटात आणि अर्ध्या फडताळात ठेवून दोन उन्हाळ्यांनंतर बारा जणांना तीन-तीन पेले दिले, तर आठाचा आकडा येथेही वापरता येईल.