सर सेठ हुकुमचंद : चरित्रातून राहून गेलेली गिरणी

आपल्या राजेंद्र नगरात पाहुणे आले की राजवाडा, सराफा आणि इतवारियाचं काच मंदिर ठरलेलंच. ‘हे सेठ हुकुमचंदांनी बांधलं’ एवढं सांगून आपण पुढे निघतो. त्यांच्यावरचे लेखही बहुतेक याच वळणाचे : शीशमहाल, इंद्रभवन, सोन्याच्या मोटारीच्या कहाण्या. वाचायला मजा येते, पण ही मालमत्तेची यादी झाली, चरित्र नव्हे.

सेठजी (१८७४-१९५९) सट्ट्याच्या बाजारात मोठे झाले. माळव्याच्या अफूवर तेव्हा पेढ्या चालत. १९०७ च्या ब्रिटन-चीन करारानंतर ती निर्यात आटत गेली. सेठजींचा पैसा कापसात नि गिरण्यांत आला : इंदुरात हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, बंगालात नैहाटीची ज्यूट मिल. संस्थानी इंदूर गिरण्यांचं शहर झालं ते अशा भांडवलावर. कौतुकाचे लेख अफूचं नाव टाळतात, जणू त्याने थोरवी कमी होते. उलट माणूस समजतो तो इथेच.

दानाचंही तसंच. १९१८ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदुरात आले. दक्षिणेतल्या हिंदी प्रचारासाठी सेठजींनी दहा हजार रुपये दिले, होळकर महाराजांनीही तेवढेच. आकडा सगळे सांगतात. पण एक व्यापारी महाराजांच्या बरोबरीने उभा राहिला, म्हणजे शहरात दरबाराखेरीज दुसरं वजनदार ठिकाण तयार झालं होतं, हे कोणी सांगत नाही.

आणि कामगार? ते तर या चरित्रांत जवळजवळ नाहीतच. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. याचा दोष सेठजींना देता येत नाही, ते कधीच गेले होते. पण थकबाकीसाठी कामगार तीसेक वर्षं झगडले. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटींचा निकाल लागला, तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते. सेठजींच्या नावाची ही गोष्ट त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध नाही का?

अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात, शंभर वर्षांची परंपरा. गिरणी बंद, तरी हुकुमचंद मिलची झांकी कामगारांनी चालू ठेवली. आपण मराठी मंडळी ती बघायला रात्रभर जागतो. पाहुण्यांना काच मंदिर जरूर दाखवा. पण झांकी आली की ती कुणी उभी केली, हेही सांगा.